फुटीर लीग आणि खेळाडूचा हिशेब

ऊस कोणत्या कारखान्याला घालावा, हा पेच करमाळा तालुक्यातील शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. ज्या सहकारी कारखान्याचे आपण सभासद, ज्याचा भाग वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतला, त्याला ऊस घालावा. की टनामागे चार पैसे जास्त देऊ म्हणून बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या खासगी कारखान्याच्या टोळीला कोयता लावू द्यावा? पैसा तर आज हवा असतो. परंतु पुढच्या हंगामात ऊस उदंड झाला आणि जादा भाववाल्याने पाठ फिरवली, तर सभासदत्वाचा हक्क सांगायला आपण कोणत्या तोंडाने जायचे, ही टोचणीही मनाला असतेच.

व्यावसायिक खेळाडूंपुढे गेल्या अर्धशतकात अगदी हाच पेच वारंवार उभा राहिला आहे. क्रिकेटमध्ये तो १९७७ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये आला, गोल्फमध्ये २०२२ मध्ये आला, आणि आपल्या कुस्तीतही तो थोड्या वेगळ्या रूपाने शिरला आहे. वर्तमानपत्रे अशा वेळी दोनच शब्द वापरतात, 'बंडखोर' आणि 'निष्ठावंत'. आम्हांला हे दोन्ही शब्द फसवे वाटतात. खेळाडू नेमके काय सोडतो आणि काय घेतो, याचा हिशेब त्यांत कोठेच दिसत नाही. तो मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम खेळाचे नियामक मंडळ म्हणजे काय ते पाहू. मंडळ सामने भरवते, पंच नेमते, पैसे देते, हे सर्वांना दिसते. पण मंडळाचे खरे बळ पैशात नाही, ते किल्लीत आहे. मैदानाचे कुलूप, राष्ट्रीय संघाचे दार आणि कोणत्या सामन्याची नोंद अधिकृत धरायची हा शिक्का, या तीन गोष्टी ज्याच्या हातात, तो मंडळ. त्यामुळे एखादा धनिक मंडळाच्या दसपट पैसे देऊ शकला तरी मंडळाची जागा तो एका दिवसात घेऊ शकत नाही. तो पैसे देतो. दार उघडून देणे त्याच्या हाती नसते.

ऑस्ट्रेलियातील केरी पॅकर यांची कथा जुन्या क्रिकेटप्रेमींना पाठ आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पॅकर यांना आपल्या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी सामन्यांचे प्रक्षेपण हवे होते. ऑस्ट्रेलियन मंडळाने ते दिले नाही, तेव्हा त्यांनी १९७७ साली जगातले नामवंत खेळाडूच करारबद्ध केले. इंग्लंडचे कर्णधार टोनी ग्रेग यांना त्यापायी कर्णधारपद गमवावे लागले. आंतरराष्ट्रीय संघटनेने व इंग्लंडच्या मंडळाने बंदी घातली, खेळाडू लंडनच्या उच्च न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती स्लेड यांनी निकाल दिला की, ही बंदी म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेले गैरवाजवी बंधन आहे. १९७९ मध्ये पॅकर यांना प्रक्षेपणाचे हक्क मिळाले आणि त्यांनी आपला फड मोडला. म्हणजे ज्यासाठी भांडण होते ते पदरात पडताच भांडण संपले. फुटीर लीग काढणारा बहुधा खेळासाठी भांडत नसतो, हे येथेच ध्यानात ठेवावे.

आपल्याकडची कथा याच वळणाची आहे. शेवट मात्र निराळा. झी समूहाचे सुभाष चंद्र यांनी २००४ साली भारतीय क्रिकेटच्या प्रक्षेपणासाठी मोठी बोली लावली होती. तो व्यवहार झाला नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या त्या निकालात क्रिकेट मंडळ हे घटनेच्या बाराव्या कलमातील 'राज्य' नव्हे, असे बहुमताने ठरले. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत गारद झाला. देशभर संताप होता. त्याच सुमारास सुभाष चंद्र यांनी 'इंडियन क्रिकेट लीग' जाहीर केली. कपिल देव तिचे प्रमुख झाले, किरण मोरे तिच्यात गेले, आणि मुंबईच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून संदीप पाटील आले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष शरद पवार होते. मंडळाने किल्ल्या वळवायला उशीर लावला नाही. कपिल देव यांचे राष्ट्रीय अकादमीचे अध्यक्षपद गेले, लीगमध्ये जाणाऱ्या खेळाडूंना मंडळाच्या सर्व स्पर्धा बंद झाल्या, माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतनही थांबले. संलग्न संघटनांच्या ताब्यातील मोठी मैदाने लीगला मिळेनात. म्हणून २००७ च्या अखेरीस तिची पहिली स्पर्धा मुंबईत नव्हे, कलकत्त्यात नव्हे, तर हरियाणात पंचकुला येथे झाली. मैदानाची किल्ली म्हणतात ती ही.

या लीगमध्ये कोण गेले ते पाहिले म्हणजे हिशेबाची दुसरी बाजू उलगडते. ज्यांची भारतीय संघातील जागा पक्की होती, त्यांतील एकही गेला नाही; त्यांना जाण्याचे कारणच नव्हते. गेले ते दोन प्रकारचे. एक, ज्यांचे दिवस सरत आले होते. दुसरे, रणजी सामन्यांत वर्षानुवर्षे घाम गाळून ज्यांना वरचे दार उघडेल याची खात्री उरली नव्हती. सुनील गावसकरांचे चिरंजीव रोहन गावसकर गेले, महाराष्ट्राचे सलामीचे फलंदाज धीरज जाधव गेले. भारतात त्या काळी रणजीत उत्तम खेळणारे खेळाडू शे-दीडशे, आणि वरच्या जागा अकरा, फार तर पंधरा. सोळाव्याने काय करावे? कुठे बँकेत, कुठे रेल्वेत नोकरी करून तो खेळत राही, आणि पस्तिशी उलटल्यावर हाती राहत ती कात्रणे. अशा माणसापुढे कोणी तीन वर्षांचा करार ठेवला तर त्याने दाराकडे पाहत बसावे की कराराकडे? जो गेला त्याला आम्ही तरी लोभी म्हणणार नाही.

पण अंबाटी रायुडू यांचा दाखला वेगळा आहे आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्यासारखा आहे. २००४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात ते भारताचे कर्णधार होते. २००७ मध्ये लीगमध्ये गेले तेव्हा वय अवघे एकवीस. म्हणजे सोडण्यासारखे पुष्कळ हातात असताना त्यांनी ते सोडले. २००९ मध्ये मंडळाने लीगशी नाते तोडणाऱ्यांना माफी दिली, तेव्हा ते परतले. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला मिळाला तो २०१३ च्या जुलैमध्ये. स्टुअर्ट बिन्नी हेही असेच परतले आणि २०१४ मध्ये भारताकडून खेळले. दार कायमचे बंद झाले नाही, हे खरे. पण फलंदाजाच्या आयुष्यातली एकविशीपासूनची वर्षे उसाच्या खोडव्यासारखी पुन्हा फुटत नाहीत. बांगलादेशच्या मंडळाने तर २००८ मध्ये लीगला जाऊन मिळालेल्या आपल्या खेळाडूंवर दहा दहा वर्षांची बंदी घातली होती.

लीग बुडाली कशाने? बंदी हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, मंडळाने तिचीच कल्पना उचलली. शहरांच्या नावाचे संघ, वीस षटकांचे सामने, देशी-परदेशी खेळाडूंची मिसळ, ही सारी मांडणी मंडळाने सप्टेंबर २००७ मध्ये 'इंडियन प्रीमियर लीग' म्हणून जाहीर केली आणि १८ एप्रिल २००८ रोजी ती सुरूही केली. देशांतर्गत स्पर्धांची बक्षिसेही मंडळाने याच धामधुमीत वाढवली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा फुटीर लीगची चालू स्पर्धा अर्ध्यावर थांबली. पुढे ती उभी राहिलीच नाही. काही खेळाडूंचे पैसेही अडकले. मौज अशी की, बंडाचे पीक आले, पण ते बंडखोरांच्या खळ्यावर आले नाही. आज रणजीतला सोळावा खेळाडू आयपीएलमध्ये घर बांधण्याइतके मिळवतो, त्याच्या पायरीखाली त्या लीगचा दगड आहे. तो दगड झालेल्यांची नावे कोणी घेत नाही.

येथे कोणी विचारील की कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की, माणसाला आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. कलम खेळाडूच्या बाजूचे आहे. तथापि 'तुला खेळू देत नाही' आणि 'तुला निवडत नाही' यांत अंतर आहे, आणि निवड न करण्याविरुद्ध कोणते न्यायालय काय करणार? शिवाय दावा चालतो वर्षानुवर्षे, आणि गोलंदाजाचा खांदा तेवढे दिवस थांबत नाही. स्पर्धा आयोगाने मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपयांचा दंड ठोठावला तो २०१३ मध्ये, आणि अपिलात तो आदेश रद्द झाल्यावर पुन्हा २०१७ मध्ये. प्रतिस्पर्धी लीगला मान्यता देणार नाही, अशी हमी मंडळाने प्रक्षेपणाच्या करारात दिली होती, हा त्यातला मुख्य आक्षेप. तोवर फुटीर लीग कधीच इतिहासजमा झाली होती.

आता गोल्फकडे वळू. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, म्हणून दोन शब्द अधिक लिहितो. क्रिकेटपटूला संघ असतो, प्रवासाचा खर्च मंडळ करते. गोल्फपटू मात्र एकट्याच्या जोखमीवर धंदा करणारा माणूस आहे. विमानाचे भाडे, मुक्काम, पिशवी वाहणारा मदतनीस, प्रशिक्षक, सारे त्याने आपल्या खिशातून द्यायचे. नेहमीची स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा याप्रमाणे बहात्तर खळग्यांची असते. दोन दिवसांनंतर सुमारे अर्धे खेळाडू गळतात, आणि गळालेल्यांस बहुधा एक छदामही मिळत नाही. २०२२ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पैशावर 'लिव्ह गोल्फ' सुरू झाली. हे नाव म्हणजे रोमन आकड्यांतील चोपन्न. तेव्हा खळगे चोपन्नच होते, खेळाडू अठ्ठेचाळीस, गळती नाही. दर स्पर्धेला अडीच कोटी डॉलर वाटायचे, पहिल्याला चाळीस लाख आणि शेवटच्यालाही एक लाख वीस हजार. वर करारावर सही करण्याचे पैसे वेगळे. अमेरिकेच्या पीजीए टूरने जाणाऱ्यांना तत्काळ निलंबित केले.

या फळीत पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी होते. मार्च २०२२ मध्ये 'प्लेअर्स चॅम्पियनशिप' या मोठ्या स्पर्धेत ते दुसरे आले आणि वीस लाख डॉलरहून अधिक कमावले. पण अशी एक मोठी कमाई होण्याआधी बरेच महिने कोरडे गेलेले असतात. ऑगस्टमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, ते लिव्हमध्ये गेले. टायगर वूड्स गेले नाहीत. पण वूड्स यांच्या संपत्तीने लाहिरींचा हिशेब मांडणे बरोबर होणार नाही.

गोल्फमध्ये एक मोठा फरक होता. येथे किल्ल्या एका हातात नव्हत्या. खेळातल्या चार सर्वश्रेष्ठ स्पर्धा पीजीए टूरच्या मालकीच्या नाहीत. त्या वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत, आणि त्यांनी पात्र फुटीरांना खेळू दिले. बंद झाली ती दुसरी वाट: जागतिक क्रमवारीचे गुण लिव्हच्या स्पर्धांना २०२३ मध्ये नाकारण्यात आले, आणि बड्या स्पर्धांत प्रवेश पुष्कळ वेळा त्या क्रमवारीवरून मिळतो. म्हणजे दार उघडे, पण जिना काढून घेतलेला. त्यातच ६ जून २०२३ रोजी टूर आणि सौदी निधी यांनी समेटाचा आराखडा जाहीर केला. पैसा नाकारून टूरमध्ये राहिलेल्यांना ही बातमी इतर जगाबरोबरच कळली. निष्ठेचा मोबदला म्हणून हे फार चमत्कारिक झाले.

२०२५ साली हे लोण भारतीय गोल्फमध्ये आले. 'इंडियन गोल्फ प्रीमियर लीग' निघाली, आणि २००६ पासून देशातील व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या 'पीजीटीआय'ने तिकडे गेलेल्यांना आपल्या स्पर्धांतून दूर ठेवण्याची भूमिका घेतली. पीजीटीआयचे अध्यक्ष त्या वेळी कोण होते? कपिल देव. २००७ मध्ये दाराबाहेर उभे असलेले गृहस्थ अठरा वर्षांनी दाराच्या आत, किल्ली घेऊन. यात आम्ही त्यांना ढोंगी म्हणत नाही. ज्या खुर्चीवर माणूस बसतो तिथून दिसते ते दिसते.

आणि कुस्ती? राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपदही दीर्घकाळ शरद पवार यांच्याकडेच होते. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने ती परिषद बरखास्त केली, आणि राज्यात दोन संघटना, दोन 'महाराष्ट्र केसरी' झाल्या. १९६१ पासून चालत आलेली गदा एका महिन्यात दोनदा दिली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला मोहोळचे सिकंदर शेख जिंकले, तर धाराशिवला शिवराज राक्षे. हे राक्षे फुलगावच्या अंतिम कुस्तीतही होते, तेथे ते सिकंदर यांच्याकडून हरले. मंडळांनी भांडावे, पैलवानाने दोन्ही मातींत उतरावे, असा तो प्रकार. २०२५ मध्ये पुन्हा तेच: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये आपल्या शेजारच्या कर्जतला सोलापूरचे वेताळ शेळके. क्रिकेटपटूला हे साधले नसते, कारण तिथे किल्ली एकच होती. येथे दोन किल्ल्या आहेत. पण शेळके यांच्या गदेची आणि मोहोळ यांच्या गदेची नोंद सरकारी कागदावर कोण कशी करणार, हे ठरवणारा तिसराच आहे, आणि तो आखाड्यात उतरत नाही.