उभ्याने खाल्लेल्याचा हिशेब

मुंबईच्या खवय्याला शहराचा नकाशा पदार्थांवरून पाठ असतो. दादरला उतरले की साबुदाणा वडा आणि पियूष, ठाण्यात तर्रीची मिसळ, इराण्याकडे ब्रून मस्का, रमझानच्या महिन्यात मोहम्मद अली रोडवर मालपुवा. कोणाच्या वड्यात लसूण नेमकी पडते आणि कोणाची सुकी चटणी संध्याकाळपर्यंत संपते, हे तो झोपेतही सांगेल. हा माणूस एकटा खात नाही. चार जणांना ओढून नेतो, आग्रह करकरून खिलवतो आणि बिलही बहुतेक वेळा तोच देतो.

मात्र डॉक्टरांनी ‘दिवसभरात काय खाता?’ असे विचारले की याच माणसाचे उत्तर एकदम साधे होते. सकाळी पोहे, दुपारी घरचा डबा, रात्री वरणभात आणि भाजी. तो खोटे बोलत नसतो. बसून, ताटात वाढून घेतलेले तेवढेच त्याच्या लेखी जेवण असते. फलाटावर, टपरीवर, कार्यालयाखालच्या गल्लीत उभ्याने जे पोटात गेले, ते त्याच्या हिशेबात येतच नाही. शरीर मात्र खाल्लेले सगळे मोजते, उभ्याने असो वा बसून.

डोंबिवलीहून फोर्टला रोज ये-जा करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एखाद्या बैठ्या नोकरदाराचा दिवस पाहू. गाडी पकडण्याआधी एक वडापाव, म्हणजे आकारानुसार साधारण ३०० किलोकॅलरी. दिवसात चार कटिंग, प्रत्येकात एक चमचा साखर आणि थोडे दूध. मिळून दीडशे ते पावणेदोनशे. डबा खाताना शेजारच्याने पुढे केलेले मूठभर फरसाण, आणखी दीडशे. संध्याकाळी गाडीची वाट पाहताना एक प्लेट शेवपुरी, अडीचशेच्या आसपास. बेरीज ८०० ते ९०० किलोकॅलरी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची दिवसाची गरज २११० किलोकॅलरी आहे, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीची १६६०. म्हणजे पोहे, डबा आणि रात्रीचे जेवण धरण्याआधीच पुरुषाची सुमारे ४० टक्के आणि स्त्रीची निम्मी गरज भागलेली असते.

हे खाणे मुळात वाईट आहे असे नाही. ते कोणासाठी घडले हे लक्षात घ्यायला हवे. वडापावची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असे मानले जाते. परळ, लालबागच्या गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत चालत होत्या. कामगाराला स्वस्त, गरम, पोटाला आधार देणारे आणि चालता चालता खाता येईल असे काहीतरी हवे होते. वरच्याच आकड्यांनुसार जड श्रम करणाऱ्या पुरुषाची गरज ३४७० किलोकॅलरी आहे. बैठ्या माणसापेक्षा ही गरज १३६० ने जास्त, म्हणजे जवळपास साडेचार वडापाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद होत गेले, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कामगाराच्या जागी संगणकासमोर बसणारा माणूस आला. वडा मात्र तेवढाच राहिला आणि त्यावर आता चीजही किसून पडते.

‘पण माझे वजन कुठे वाढले आहे?’ हा पुढचा प्रश्न. इथे भारतीय शरीराची एक खोड समजून घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसत असतानाही त्याच्या पोटात, यकृताभोवती चरबी साठलेली असू शकते, स्नायू मात्र बेताचे असतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात. त्याहून सोपे माप कमरेचे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडले की सावध व्हावे. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पट्टा पोटाखाली सरकत जातो. टेप बरगडीचा खालचा काठ आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून लावावी.

पोटातली ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यात आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक पदार्थांत पिष्ट पदार्थावर पिष्ट पदार्थ असतो. मैद्याच्या पावात बटाटा, पुरीत बटाटा, सँडविचमध्ये पुन्हा बटाटा. मैद्यात तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने वर जाते. हे पदार्थ मऊ असतात, फारसे चावावे लागत नाहीत आणि गाडी यायच्या आत संपवायचे असतात. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. वडापाव चार मिनिटांत संपतो. अमेरिकेत २०१९ मध्ये केविन हॉल यांनी २० प्रौढांवर एक प्रयोग केला. त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तितके खाऊ दिले. अतिप्रक्रिया केलेले अन्न असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि ते अन्न त्यांनी भराभर खाल्ले. टपरीवरचा वडा काही कारखान्यात बनत नाही. पण भराभर खाल्ले की जास्त जाते, ही गोष्ट त्यालाही लागू पडते.

आता कढईकडे वळू. तेल पुन्हा पुन्हा तापले की हवा आणि पदार्थातील पाणी यांमुळे त्याचे रेणू तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि ‘पोलर’ संयुगे तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे. गिऱ्हाईक काही तेल तपासायचे यंत्र घेऊन फिरत नाही, पण खवय्याजवळ डोळे आणि नाक असते. तेल काळपट आणि दाट झाले आहे, त्यावर टिकणारा फेस येतो, आच मध्यम असतानाही धूर निघतो किंवा खमंग वासाऐवजी खवट वास येतो, तर पुढच्या घाण्याची वाट न पाहता निघावे. चवीचा जाणकार म्हणवणाऱ्याने जुन्या तेलातला वडा आवडीने खाणे, हे त्याच्या जिभेलाही शोभत नाही. डालडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना विशेष घातक. त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली आहे. मात्र खारी, नानकटाई किंवा पफ कशात बनवले आहे, हे बेकरीवाल्याला आजही विचारायला हवे.

मीठ आणि साखर तर दिसतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ खावे. भारतीयांचे सेवन बहुतेक पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅम निघते. नुसत्या एका पावातही साधारण अर्धा ग्रॅम मीठ असते. त्यावर चटणी, तळलेली मिरची, फरसाण, लोणचे, पापड. साखरेचे तसेच. वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवावी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असा सल्ला आहे. पाच चमचे साखर म्हणजे २५ ग्रॅम. सकाळचा घरचा चहा आणि चार कटिंग यांत हा वाटा संपतो. पियूष, कुल्फी, शीतपेय वेगळेच.

रात्रीचे जेवण हा महानगराचा आणखी एक प्रश्न. दहाला घरी, साडेदहाला ताट, अकराला अंथरूण. संध्याकाळनंतर इन्सुलिनचा प्रभाव सकाळपेक्षा कमी असतो, त्यामुळे तोच भात रात्री साखर जास्त वाढवतो. जेवून लगेच आडवे झाले की आम्ल वर येते. अशा वेळी छातीत जळजळते, मग ‘ॲसिडिटी’ची गोळी घेतली जाते. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे यांपैकी काही असेल, तर तो गॅस आहे असे समजून सोडा पीत बसू नये. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. कालच्या मिसळीवर दोष ढकलण्यात गेलेला तास हृदयाच्या स्नायूला परत मिळत नाही.

पावसाळ्यात जंतूंचा विचार आधी करावा. समोर तळलेला, वाफ निघणारा वडा जंतूंच्या दृष्टीने बराच सुरक्षित असतो. धोका त्याच्यासोबतच्या कच्च्या गोष्टींत असतो. हिरवी चटणी, चिरलेला कांदा-कोथिंबीर, पाणीपुरीचे पाणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फ यांतून विषमज्वर, कावीळ आणि जुलाब पसरतात. हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. दुसरी सवय वर्तमानपत्राच्या कागदाची. गरम, तेलकट पदार्थात छपाईची शाई उतरते आणि तिच्यात शिशासारखे घातक घटक असू शकतात. म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. हे पानही वाचावे, पण त्यात भजी बांधून घेऊ नयेत.

मग खवय्याने करायचे काय? सगळे सोडा, असे सांगितलेले आठवडाभरही टिकत नाही. उभ्याने खायचे ते दिवसातून एकदाच, आणि ते आवडीचेच, एवढा नियम पुरेसा आहे. गाडी चुकली म्हणून, कोणी पुढे केले म्हणून खाल्लेले बेचव फरसाण आधी वगळावे. त्याने कोणाचेच समाधान होत नाही. पदार्थ वाटून घ्यावा. मिसळ खायची तर कट बेताचा, फरसाण कमी, मोड आलेली मटकी जास्त आणि दोनऐवजी एक पाव. भेळ शेव कमी घालून. भूक लागली तर भाजलेले चणे-शेंगदाणे, उकडलेले कणीस, केळे हेही याच रस्त्यावर मिळते. घरी तळलेल्या सुरमईऐवजी कधी बांगड्याचे तिखले करावे. ताटात आधी कोशिंबीर, उसळ किंवा मासा आणि शेवटी भात खाल्ला, तर साखरेची उसळी कमी राहते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र दुपारी भरपूर खाल्ले म्हणून रात्रीचे जेवण बंद, असे परस्पर करू नये. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, मात्र आपण तिथे उभे आहोत हे आधी कळायला हवे. तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल, तर तो उंबरठा. १२६ आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. सोबत चरबीची तपासणी करावी आणि कंबर मोजावी.

तपासणीला जाण्याआधी सात दिवस एक वही खिशात ठेवावी. जे उभ्याने खाल्ले तेवढेच तीत लिहायचे: काय, किती, किती वाजता आणि भूक होती का. कटिंगही लिहायची. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की ‘घरचा डबा आणि वरणभात’ या उत्तरापेक्षा खूप जास्त कळते. आणि तिच्यातला कोणता घास सोडायचा, कोणता जपायचा हे ठरवायला खवय्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही.