कूलर लावा, खिडकी उघडा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, तरी आमच्या घरी कूलरच चालतो. एप्रिलमध्ये बाबा क्षार धरलेला जुना वाळा काढून ताट्या नव्यानं भरतात. पहिलं पाणी झिरपलं की घरभर ओला सुगंध! एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. पंखा आणि पंप मिळून जेमतेम २०० वॅट. दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट वीज खातो. पण समोरची खिडकी उघडी हवीच. पाहुणे ‘गारवा जातो’ म्हणून ती लावून घेतात, मग ओलावा कोंडतो, चादरीसुद्धा चिकट होतात. मुंबईच्या दमट हवेत मात्र कूलरचा उपयोग नाही. तिथे एसी २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा.