पाठीतल्या पाण्याची जबानी

रक्त देहात सर्वसंचारी असले, तरी मेंदूच्या दारी त्यालाही मुक्त प्रवेश नाही. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या घट्ट सांधलेल्या पेशी प्रत्येक द्रव्य पारखूनच आत घेतात, आणि म्हणून एचआयव्हीने मज्जासंस्थेत ठाणे मांडले आहे किंवा कसे, याचा निवाडा केवळ दंडातून काढलेल्या रक्तावर करू पाहणे म्हणजे अर्ध्या दप्तरावर मुकदमा चालविणे होय.

उरलेले दप्तर म्हणजे मेंदू व मेरुरज्जू यांना वेढून असलेला, प्रौढात सुमारे 150 मिलिलिटर भरणारा, निरोगी स्थितीत पाण्यासारखा नितळ असा मस्तिष्कमेरुद्रव. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढण्याची रीत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी 1891 साली प्रचारात आणली. या द्रवात व मेंदूच्या ऊतीत एड्सचा विषाणू सापडल्याचे 1985 साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. पुढे पीसीआर तंत्रामुळे त्याच्या आरएनएच्या प्रती मोजता येऊ लागल्या, आणि संसर्गानंतर अवघ्या आठ दिवसांत तो या द्रवात आढळू शकतो, हे बँकॉकमधील रुग्णांवरून 2012 साली दिसून आले.

तथापि नमुना येताच पीसीआरकडे धाव घेणे हा शिरस्ता नव्हे. प्रथम पेशींची मोजदाद, व तीही सत्वर, कारण बाटलीत राहिलेल्या पेशी तासा-दोन तासांतच विघटू लागतात. मग प्रथिने व साखर. आणि आपल्या देशात तर क्षयाचा मेंदूज्वर व क्रिप्टोकॉकस ही बुरशी यांची झडती घेतल्यावाचून पुढे जाणे धाडसाचेच. सुईच्या वाटेत एखादी शीर दुखावून रक्त मिसळले, तर विषाणू कोणत्या बाजूचा, हेच संशयास्पद होते.

शिवाय विषाणू सापडला म्हणजे मेंदू बिघडलाच, असेही नाही. मज्जापेशींना तो सहसा शिवत नाही. बिऱ्हाड करतो ते मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रक्षकपेशींत व भक्षकपेशींत, आणि त्यांतून उठणाऱ्या दाहाने शेजारच्या मज्जापेशी झिजतात. ही झीज न्यूरोफिलामेंट या प्रथिनाच्या वाढीवरून ताडता येते, परंतु ती इतर व्याधींतही होत असल्याने तिच्यावरून विषाणूलाच गुन्हेगार ठरविता येत नाही. एचआयव्हीमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा दाखला देणारी एकच एक चाचणी अद्याप कोणापाशी नाही, आणि जो अहवाल तसा आव आणतो त्याकडे साशंकतेने पाहावे, असे माझे मत आहे.

या परीक्षेचे खरे मोल कळते ते औषधे नियमित घेणाऱ्या एखाद्या रुग्णाची चाल डळमळू लागते किंवा विस्मरण वाढते, आणि रक्ताचा अहवाल मात्र विषाणू आढळत नसल्याची ग्वाही देतो, त्या प्रसंगी. एकाच वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांपैकी रक्तात प्रती मोजण्याजोग्या नसून पाठीतल्या पाण्यात त्या भरपूर निघाल्या, तर विषाणू तटबंदीच्या आत स्वतंत्रपणे वाढत आहे, असा त्याचा अर्थ. आणि असे रुग्ण पश्चिम भारतातही नोंदले गेले आहेत. अशा वेळी त्या पाण्यातल्याच विषाणूचा जनुकक्रम वाचून तो कोणत्या औषधांना जुमानत नाही हे ठरवितात, आणि मेंदूपर्यंत अधिक पोहोचणारी औषधे योजल्यावर कित्येकांच्या प्रकृतीस उतार पडलेला आहे. मात्र रक्ताची तपासणी नेमाने होते, तशी ही होत नाही. ती कोणीतरी मुद्दाम मागावी लागते.