जखमी पाखरू घरात येते तेव्हा

पतंगांचा मोसम संपतो, पण मांजा संपत नाही. झाडांच्या फांद्यांत, विजेच्या तारांवर, गच्चीच्या कठड्याला तो लोंबकळत राहतो आणि घार, कबुतर, पोपट त्यात अडकतात. गुजरात-महाराष्ट्रात हे संक्रांतीच्या सुमारास घडते, तर दिल्लीत पंधरा ऑगस्टच्या आसपास. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातोच.

मग मुले धापा टाकत घरी येतात, “आई, बघ ना, याचा पंख तुटलाय!” घरात धावपळ उडते. कोणी चमच्याने पाणी पाजू लागते, कोणी दुधात भिजवलेली पोळी चोचीत कोंबते. हेतू चांगलाच असतो, पण अशा मायेनेही पाखराचा जीव जाऊ शकतो.

आधी अंधार आणि शांतता

रानातल्या पक्ष्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे शिकारीच. जखमेइतकाच भीतीचा धक्काही त्याला घातक ठरतो. म्हणून सुती कापड अंगावर टाकून त्याला अलगद उचला आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. तारेचा पिंजरा नको, फडफडताना त्यात पिसे मोडतात. खोके शांत जागी, मुलांपासून आणि मांजरापासून दूर ठेवा. पाखरू गारठले असेल, तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी.

घार किंवा घुबड असेल, तर जाड हातमोजे घाला. त्यांच्या नख्यांपासून जपायला हवे. पंखात रुतलेला मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, बाकीचे काम डॉक्टरांचे. मांजराने धरलेल्या पक्ष्याची जखम दिसली नाही, तरी त्याला औषध लागतेच, कारण मांजराच्या दातांतले जंतू पक्ष्याला मारक असतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

चोचीत पाणी ओतू नका

पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. दूध तर त्याला पचतच नाही. काही तास उपाशी राहिल्याने मोठ्या पक्ष्याचे सहसा बिघडत नाही. घाईने भरवल्याने बिघडते.

पिलू अनाथच असते असे नाही

पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुणणारे मैनेचे किंवा कावळ्याचे पिलू बहुधा उडायला शिकत असते. आईबाप जवळच असतात आणि तिथेच त्याला भरवतात. त्याला जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. माणसाचा हात लागला, की आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज आहे.

दोन भाऊ आणि घारी

दिल्लीच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या रुग्णालयात नेली, तेव्हा ती मांसाहारी म्हणून नाकारली गेली. पुढे त्यांनी घरीच उपचार सुरू केले. व्यायामाच्या छंदातून मिळालेली स्नायूंची माहिती कामी आली. जोडीला पशुवैद्यांची मदत घेतली. २०२२ सालचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा शौनक सेन यांचा माहितीपट याच भावांवर आहे. त्यांनी हजारो घारींवर उपचार केले, ते पाळण्यासाठी नव्हे, तर पुन्हा आकाशात सोडण्यासाठी.

घरच्या शुश्रूषेची मर्यादा इथेच आहे. आपले काम पहिल्या काही तासांचे. त्यानंतर पशुवैद्य, वनखाते किंवा पक्षीमित्र संस्था गाठावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला पक्षी, अगदी पोपटसुद्धा, घरात पाळणे गुन्हा आहे. शिवाय माणसाला सरावलेले पाखरू रानात टिकत नाही. मुलांना लळा लागतो, ती रडतात. त्यांना समजावून सांगा, ‘ते गेले म्हणून रडू नकोस, ते उडू शकले म्हणून गेले.’