सावकारी कर्जाचा निवाडा

शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलेलें आहे आणि दौंड भीमेच्या कांठीं. पुण्याच्या पूर्वेकडील हा टापू मूळचा अवर्षणाचा. पाऊस बेभरवशाचा, पीक बेताचें, आणि सरकारी सारा मात्र ठरल्या हप्त्यानें रोख भरावयाचा. अशा मुलखांत सावकारावांचून शेतकऱ्याचें पान हलत नसे. म्हणूनच, कर्जवसुलीचा न्याय कोणीं व कसा करावा, हा प्रश्न येथें गेल्या शतकाच्याही मागें, १८७५ सालीं, सर्वांत तीव्रपणें पुढें आला.

त्याची पहिली ठिणगी शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं पडली. १८७४ च्या अखेरीस तेथील एका सावकारानें गांवच्या देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळविला. प्रतिष्ठित घराण्याची ही गत पाहून गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचें शेत कोणी कसेना, पाणी कोणी भरीना, हजामतही कोणी करीना. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें भर बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला. हल्लींचा दौंड तालुका त्या वेळीं भीमथडींतच मोडत असे; सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. दंग्याचें लोण पुणें व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें. एकंदर ९५१ लोकांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

या दंग्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जमावाचा रोख मुख्यत्वें कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हातीं आले कीं ते जाळून लोक बहुधा परत फिरत. सावकारानें ते देण्याचें नाकारलें तरच पुढचा प्रकार घडे. कागदावर एवढा राग कां असावा, हें एका साध्या हिशेबावरून समजेल.

एका शेतकऱ्यानें दरमहा शेकडा दोन रुपये व्याजानें १०० रुपये घेतले, असें समजूं. १८५९ च्या कायद्यानें अशा दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतु ऋणकोच्या हिताचा. परिणाम मात्र उलट झाला. मुदत संपत आली कीं सावकार नवा रोखा लिहून घेई. तीन वर्षांचे ७२ रुपये व्याज मुद्दलांत मिळे आणि नव्या रोख्यांत मुद्दल १७२ रुपये दिसे. आणखी तीन वर्षांनीं तीच रक्कम सुमारें २९६ रुपये होई. शेतकऱ्याच्या हातांत प्रत्यक्ष पडलेले १०० रुपये त्या शेवटच्या कागदावर कोठेंच नसत. न्यायाधीश कागद पाही, अंगठा ओळखी आणि हुकूमनामा देई. त्याचा निकाल कायद्याला धरून असे, पण सत्य त्याच्या दृष्टीस पडत नसे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. त्यानें न्यायाधीशावर नवें कर्तव्य लादलें : रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावयाचा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावयाचे, व्याजावर व्याज धरावयाचें नाहीं, आणि जुन्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणें मुद्दलाहून अधिक व्याज देववावयाचें नाहीं. वरील उदाहरणांत या रीतीनें २९६ ऐवजीं फार तर २०० रुपये देववितां आले असते. शेतकऱ्याला देण्यापायीं तुरुंगांत टाकण्याची चालही बंद झाली. तंटा कोर्टापर्यंत जाऊं नये म्हणून तडजोड करणारे मध्यस्थ नेमले गेले.

परंतु खालच्या कोर्टांच्या या निकालांवर अपील नव्हतें. मग न्याय देणाऱ्यांच्या कामाची पारख कोणीं करावयाची? त्यासाठीं विशेष न्यायाधीशाची योजना होती. त्यानें जिल्ह्यांतून फिरावें, दप्तरें तपासावीं आणि चुकीचा निकाल आढळल्यास दुरुस्त करावा. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं हें काम केलें. १८८७ मध्यें ते विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ सालीं हायकोर्टांत जाईपर्यंत त्यांचा या कायद्याशीं निकट संबंध राहिला. या कामाच्या निमित्तानें त्यांच्या फिरती होत. त्यांचें वर्णन रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आलें आहे. अर्थशास्त्राचा व्यासंग असलेला न्यायाधीश गांवोगांवचे हिशेब पाहूं लागला, हा योग खरोखर दुर्मिळ होता.

तथापि या उपायाला मर्यादा होती. कोर्ट जुनें कर्ज कमी करूं शके. पेरणीसाठीं नवें कर्ज देऊं शकत नसे. गरज तशीच राहिल्यामुळें सावकारांनीं वाट बदलली. गहाणखताऐवजीं ते खरेदीखतच लिहून घेऊं लागले. तेव्हां वरकरणी दिसणारी विक्री वास्तविक गहाण आहे काय, हें पाहण्याचा अधिकारही पुढें कोर्टांना द्यावा लागला. मुंबई इलाख्यांत १९३९ च्या कायद्यानें कर्जनिवारणाचें काम मंडळांकडे गेलें, आणि १९४७ च्या कायद्यानें तें पुन्हां कोर्टांकडे आलें. त्या कायद्यांत निर्णयाला ‘अवॉर्ड’ म्हणजे निवाडा असेंच नांव होतें, आणि तो देतांना ऋणकोची फेडण्याची ऐपतही विचारांत घेतली जाई.

धनकोचा पैसा बुडावा असा या कायद्यांचा उद्देश नव्हता. खरें दिलेलें परत मिळावें आणि न दिलेलें कोणी मागूं नये, एवढेंच त्यांना साधावयाचें होतें. हा भेद कागदावरच्या अंगठ्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं पहिले १०० रुपये केव्हां आणि कशासाठीं दिले, येथून विचारपूस सुरू करणारा न्यायाधीशच लागतो.