मूळपेशी आणि प्राणवायूचें प्रमाण

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत प्राणवायूचा पाठ चालला होता. वायूनें भरलेल्या बरणींत विझत आलेली काडी धरतांच ती भडकन पेटली, आणि वर्गांत नेहमींप्रमाणें आनंदाचा गलबला झाला. तो शमल्यावर मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, प्राणवायु जर जीवनाचा आधार आहे, तर तो जितका अधिक मिळेल तितकें शरीराचें कल्याणच नव्हे काय?" प्रश्न दिसावयास साधा, परंतु याच समजुतीच्या पोटीं मोठमोठ्या प्रयोगशाळांतही पुष्कळ वर्षें एक चूक नकळत होत राहिली. ती कोणती व कशी उमगली, हें सांगण्याचा या लेखांत विचार आहे.

आपल्या रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. जुन्या पेशी मरतात, तितक्याच नव्या निर्माण व्हाव्या लागतात. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरांत दर सेकंदास सुमारें वीस लाख तांबड्या पेशी नव्यानें तयार होतात. एवढा पुरवठा येतो तो हाडांच्या पोकळींतील मज्जेंतून. तेथें कांहीं मोजक्या पेशी अशा असतात, कीं त्या स्वतःसारख्या पेशी उत्पन्न करतात आणि रक्तांतील इतर सर्व प्रकारच्या पेशींनाही जन्म देतात. यांनाच मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. कॅनडांतील टोरॉन्टो शहरीं जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककलक या दोघांनीं इ. स. १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा पुढें मांडला. रक्ताच्या कर्करोगानें ज्याची मज्जा बिघडली आहे, अशा रोग्यास दुसऱ्याची निरोगी मज्जा देतात, तेव्हां खरोखर या मूळपेशींचेंच दान केलेलें असतें.

पेशी शरीराबाहेर जगविण्याची कला शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. इ. स. १९०७ सालीं अमेरिकेंतील रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जातंतूची वाढ एका लोंबत्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. पुढें या कलेस नियमित रूप आलें. पोषक द्रवानें भरलेल्या बशींत पेशी ठेवावयाच्या. ती बशी शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंशांवर राखलेल्या पेटींत ठेवावयाची. द्रवाची आम्लता कायम राहावी म्हणून पेटींत शेंकडा ५ कर्बाम्लवायु सोडावयाचा, आणि बाकीची जागा खोलींतल्या हवेनें भरावयाची. येथें उष्णतेचा विचार झाला, अन्नाचा झाला, आम्लतेचा झाला. परंतु प्राणवायूचा मात्र कोणी फारसा केला नाहीं. खोलींत जो होता तोच घेतला. अशा पेटींत प्राणवायु शेंकडा १८ ते १९ असतो, आणि हेंच प्रमाण स्वाभाविक असें मानण्याचा प्रघात पडला.

आतां शरीरांत काय असतें तें पाहूं. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. त्यांत प्राणवायूचा वांटा सुमारें १६० मिलिमीटर, म्हणजे शेंकडा २१. फुफ्फुसांतून शुद्ध होऊन निघालेल्या रक्तांत हा दाब सुमारें १०० वर येतो. पुढें वाटेंतील पेशी आपापला भाग घेत जातात, आणि तो उतरत जातो. अस्थिमज्जेंत शेवटीं किती उरतो? इ. स. २०१४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील शास्त्रज्ञांनीं हें प्रत्यक्ष मोजलें. त्यांनीं जिवंत उंदराच्या रक्तांत एक चकाकणारा रंग सोडला. या रंगावर प्रकाश पाडला असतां त्याची चकाकी जितकी लवकर मावळेल, तितका तेथें प्राणवायु अधिक, असें त्याचें गणित आहे. कवटीच्या हाडांतील मज्जेंत प्राणवायूचा दाब ३२ मिलिमीटरहून कमी आढळला, आणि आंतील कांहीं भागांत तर तो सुमारें १०, म्हणजे शेंकडा १.३ इतकाच होता. मज्जेंत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें आहे. तरीही इतका अल्प, कारण तेथील असंख्य पेशी तो वापरून टाकतात. म्हणजे ज्या प्रमाणास आम्ही स्वाभाविक म्हणत होतों, तें मज्जेंतील मूळपेशीच्या घरच्या प्रमाणाच्या कित्येक पट होतें.

यानें पेशीचें काय बिघडतें, हें समजण्यास तिच्या चयापचयाकडे पाहिलें पाहिजे. पेशीस साखरेंतून शक्ति मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यांत साखरेचे प्राणवायूवांचून तुकडे होतात. या मार्गानें एका साखरेच्या रेणूपासून शक्तीचीं दोनच नाणीं हातीं येतात. या नाण्यांस शास्त्रांत ए. टी. पी. म्हणतात. दुसऱ्या मार्गांत तेच तुकडे मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायूच्या साह्यानें पुरते जळतात, आणि सुमारें ३० नाणीं मिळतात. व्यवहारी मनुष्य दुसराच मार्ग पत्करील. परंतु भट्टी पेटली कीं ठिणग्या उडणारच. प्राणवायूपासून निघणारीं कांहीं तीव्र द्रव्यें पेशींतील जनुकद्रव्यास इजा करतात. जी पेशी थोडे दिवस राबून मरणार, तिला ही इजा सोसते. जिला जन्मभर वंश चालवावयाचा, तिला सोसत नाहीं. म्हणून रक्ताच्या मूळपेशी विश्रांतींत असतां बहुतांशीं पहिल्याच मार्गानें निर्वाह करतात. अमेरिकेंतील डलास येथें इ. स. २०१० सालीं उंदरांच्या मूळपेशींवर झालेल्या प्रयोगांत हें दिसून आलें.

आपल्या आज्या रात्रीं चुलींतील निखारा राखेनें झांकून ठेवीत. वारा बेताचा लागे, म्हणून तो सकाळपर्यंत टिके व त्यावरच दुसऱ्या दिवसाचा जाळ पेटे. तोच रात्रीं फुंकीत बसलें तर उजेड खूप पडेल, पण पहाटे राखच हातीं येईल. मूळपेशी हा असा झांकलेला निखारा होय.

ही राख घालणारा हात कोणता? पेशींत एच. आय. एफ. नांवाचें एक प्रथिन सतत तयार होत असतें. प्राणवायु पुरेसा असला म्हणजे त्यावर एक रासायनिक खूण उमटते, आणि ती खूण पाहून पेशी त्याचा कांहीं मिनिटांतच नाश करते. प्राणवायु कमी झाला कीं खूण उमटत नाहीं. प्रथिन शिल्लक राहून पेशीच्या केंद्रांत शिरतें, साखर आंत घेण्याची व तिचे तुकडे करण्याची व्यवस्था वाढवितें, आणि भट्टीकडे जाणारें दार लोटून घेतें. जपानांत टोकियो येथें उंदरांच्या मूळपेशींतून हें प्रथिन नाहींसें केलें, तेव्हां त्या पेशी विश्रांति विसरल्या आणि ताण पडतांच त्यांची संख्या घटली. या यंत्रणेचा शोध लावल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन या तिघांस इ. स. २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें ध्यानांत येऊं लागल्यावर प्रयोगशाळांतील पेट्यांत नत्रवायु सोडून प्राणवायु कमी करण्याचा क्रम वाढला, आणि फळ स्पष्ट दिसलें. इ. स. २००३ सालीं असें आढळलें कीं, उंदराच्या गर्भांतील साध्या पेशी नेहमींच्या हवेंत थोड्याच पिढ्यांत विभागणें थांबवितात. शेंकडा ३ प्राणवायूंत मात्र त्या तशा थांबत नाहींत. इ. स. २००५ सालीं मिसूरी विद्यापीठांत मानवी गर्भाच्या मूळपेशी शेंकडा ३ ते ५ प्राणवायूंत आपलें मूळ रूप अधिक चांगलें राखतात असें दिसलें. जपानचे शिन्या यामानाका हे साध्या पेशींस पुन्हां मूळपेशींचें रूप देतात. त्यांच्या मंडळीस इ. स. २००९ सालीं शेंकडा ५ प्राणवायूंत हें कार्य अधिक यशस्वी होतें असा अनुभव आला.

याचा रोग्याशीं काय संबंध? इ. स. १९८८ सालीं पॅरिस येथें एका लहान मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त देऊन प्रथमच बरें करण्यांत आलें. परंतु एका नाळेंत रक्त थोडें, मूळपेशी त्याहून थोड्या. मुलास पुरतात, मोठ्या माणसास अपुऱ्या पडतात. त्या पहिल्या प्रयत्नांत ज्यांचा वांटा होता, ते इंडियाना विद्यापीठाचे हॅल ब्रॉक्समायर यांनीं इ. स. २०१५ सालीं एक विलक्षण गोष्ट दाखविली. उंदराची मज्जा व नाळेंतील रक्त बाहेर काढल्यापासून सर्व हाताळणी शेंकडा ३ प्राणवायूंतच केली, तर मूळपेशी कित्येक पट अधिक मिळतात. म्हणजे त्या मुळांत थोड्या नव्हत्या. मोकळी हवा लागतांच त्यांतील बऱ्याच आपलें मूळपण गमावीत होत्या. यास त्यांनीं प्राणवायूचा धक्का असें म्हटलें. रुग्णालयांत हवेचा स्पर्श न होऊं देतां रक्त गोळा करणें सोपें नाहीं. म्हणून हा धक्का औषधानें टाळतां येईल काय, याचाही त्यांनीं प्रयोग केला.

येथें एक इशारा आवश्यक आहे. प्राणवायु वाईट, असा अर्थ कोणीं घेऊं नये. मूळपेशीपासून हृदयाचा स्नायू घडूं लागला कीं त्यास त्याच भट्ट्या पेटवाव्या लागतात. निष्प्राणवायु स्थितींत तो जगणार नाहीं. शिवाय पेटीवरील आंकडा हा पेशीजवळचा आंकडा नव्हे. द्रवाचा थर जाड असला व पेशींची दाटी झाली, तर तळाशीं प्राणवायु पुष्कळच कमी असूं शकतो. म्हणून चांगला प्रयोगकर्ता आतां पेशीपाशींच मोजमाप करतो.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील त्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच कीं, कल्याण विपुलतेंत नाहीं, प्रमाणांत आहे. आणि तें प्रमाण आपल्या खोलींतल्या हवेवरून नव्हे, तर ज्याच्यासाठीं तें ठरवावयाचें त्याच्या घरीं जाऊन मोजावें लागतें. पेशी बशींत लवकर थकते, असें पाहून पुष्कळांनीं तिचा स्वभाव ठरविला. दोष बऱ्याच अंशीं आम्हीं दिलेल्या घराचा होता. पालकांसही हें मुलांविषयीं कधीं आठवावें. ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न विचारला, त्यानें पुढेंही असेच प्रश्न विचारीत राहावें.