लेखनमेजावरील नाव : पॅरिसचे एबेनिस्त आणि गोव्याचे सुतार

पुरातन लाकडी सामानाच्या अभ्यासात ‘हे कोणी घडवले?’ हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. लुई पंधराव्याच्या कारकिर्दीत (1715–1774) पॅरिसमध्ये तयार झालेल्या रोकोको शैलीतील अनेक लेखनमेजांच्या कर्त्यांची नावे आज ज्ञात आहेत. त्याआधी सुमारे शतकभर गोव्यात घडलेल्या, कारागिरीत तसूभरही कमी नसलेल्या लेखनपेट्या मात्र बहुतांशी निनावी राहिल्या. हा फरक प्रतिभेचा नसून नोंदीचा आहे. प्रस्तुत लेखात या कर्तृत्वनिश्चितीच्या साधनांचा आणि त्यांच्या मर्यादांचा विचार केला आहे.

रोकोको ही शिंपल्यांच्या व खडकांच्या आकारांवरून स्फुरलेली, सरळ रेषा टाळणारी शैली होय. तिच्यातील मेजाचे पाय बाकदार असतात, लाकडाच्या पातळ कापांचे जडावकाम पृष्ठभाग व्यापते आणि कडांना सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याची वेलपत्ती असते. असे काम करणाऱ्यास ‘एबेनिस्त’ म्हणत. हा शब्द आबनूस या काळ्या लाकडाच्या फ्रेंच नावावरून आला. आपल्याकडील टेंभुर्णी त्याच वृक्षकुलातील. मांडी घालून बैठ्या उतरत्या मेजावर कीर्द लिहिणाऱ्या आपल्या मुनिमाला हे उंच, नटवे मेज परकेच वाटले असते.

पॅरिसच्या सुतारसंघाने 1743 मध्ये केलेल्या आणि 1751 मध्ये अधिकृतपणे नोंदल्या गेलेल्या नियमांनुसार प्रत्येक उस्तादाने आपल्या कामावर नावाचा ठसा मारणे बंधनकारक झाले. संघाचे परीक्षक तपासणीनंतर आपली वेगळी मुद्रा उमटवीत. म्हणजे ज्या ठशाकडे आज कलावंताची स्वाक्षरी म्हणून पाहिले जाते तो मुळात व्यापारनियंत्रणाचा भाग होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, 1791 मध्ये, हे संघच बरखास्त झाले.

ठसा असला म्हणजे कर्ता सापडला, असेही नव्हे. ‘बीव्हीआरबी’ ही चार अक्षरे उत्कृष्ट रोकोको सामानावर आढळत. पण ती कोणाची, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांना ठाऊक नव्हते. 1957 मध्ये झाँ-पिएर बारोली यांनी ती बेर्नार (दुसरा) व्हान रिझनबर्ग या डच वंशाच्या कारागिराची असल्याचे दाखवून दिले. त्याचे एक दुहेरी लेखनमेज आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. तो मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी काम करी आणि गिऱ्हाइकाने थेट कारागिराकडे जाऊ नये, यातच व्यापाऱ्याचे हित होते. इतका मोठा कारागीर सुमारे दोनशे वर्षे आद्याक्षरांआड राहिला, त्यामागे हा व्यवहार होता असे मानण्यास जागा आहे.

व्हर्साय येथील राजाचे प्रसिद्ध लेखनमेज याहून बोधक आहे. 1760 मध्ये झाँ-फ्रांस्वा ओबेन याने त्याचे काम हाती घेतले. 1763 मध्ये तो वारला आणि त्याचा सहायक झाँ-आंरी रिझनेर याने ते 1769 मध्ये पूर्ण केले. मेजावर नाव आहे ते फक्त रिझनेरचे. याउलट, ओबेनच्या मृत्यूनंतर कारखाना त्याच्या विधवेच्या नावाने चालू असताना तेथे घडलेल्या सामानावर मृत ओबेनचाच ठसा उमटत राहिला. कारण रिझनेरला उस्तादपद 1768 मध्ये मिळाले. तत्पूर्वी, 1767 मध्ये, त्याने त्या विधवेशी विवाह केला होता. ठसा कारखान्याचा हक्क सांगतो, हात कोणाचा हे सांगत नाही. कित्येकदा तर तो दुरुस्ती करणाऱ्याचाही असतो.

म्हणूनच जाणकार इतर पुरावे तपासतात. कांस्यावर मुकुटधारी ‘सी’ ही छोटी मुद्रा दिसली, तर 1745 ते 1749 या काळात तांबेयुक्त धातूंवर आकारलेल्या कराची ती खूण असते. मात्र त्या वेळी बाजारात असलेल्या जुन्या मालावरही ती उमटली, हे विसरता येत नाही. राजवाड्याच्या सामानाची नोंदवही 1663 पासून ठेवली जात असल्याने तिच्यातील क्रमांक मेजावर आढळल्यास ठसा नसतानाही कर्ता निश्चित करता येतो. राजाच्या सेवेतील कारागिरांना ठशाचा नियम लागू नसल्याने हा मार्ग फार मोलाचा ठरतो.

शैली आणि काळ एक नव्हेत, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पंधराव्याच्या धाटणीचे सामान पॅरिसमध्ये पुन्हा विपुल प्रमाणात तयार झाले. फ्रांस्वा लिंक (1855–1946) याने तर राजाच्या त्या मेजाच्या प्रतिकृतीही केल्या. त्या उघड प्रतिकृती होत्या. व्हर्सायने खरेदी केलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे 2016 मध्ये उघडकीस आले आणि 2025 मध्ये या प्रकरणी फ्रेंच न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत याच विषयाचा एक नामांकित तज्ज्ञ होता.

आता गोव्याकडे वळू. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज ग्राहकांसाठी येथे दोन प्रकारचे लेखनसामान तयार होई : पुढची फळी उघडून तिच्यावर लिहिता येईल अशी ‘एस्क्रितोरिओ’ ही पेटी आणि अनेक खणांचे, चौरंगावर बसवलेले ‘कोन्तादोर’. सागवानात आबनूस व शिसवीचे जडावकाम, एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी, हस्तिदंताची बारीक टिकली आणि मुलामा दिलेले तांब्याचे जाळीदार साज ही त्यांची लक्षणे. आकार युरोपीय, पण पायांच्या जागी कित्येकदा नागिणी उभ्या असतात. लंडन आणि लिस्बनच्या संग्रहालयांत असे नमुने आहेत.

ते कोणी केले? 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाचा ग्रंथ 1596 मध्ये प्रसिद्ध झाला. तांबट, सुतार वगैरे हिंदू कारागिरांच्या धंदेवार वेगवेगळ्या गल्ल्या असल्याचे तो सांगतो. सुतार आळी, कासार आळी ही रचना मराठी वाचकास नवी नाही. गल्ली कळते, जात कळते, नाव कळत नाही. त्यामुळे येथील कर्तृत्वनिर्देश ‘गोवा, सतरावे शतक’ येथेच थांबतो. तोदेखील लाकूड, नक्षी आणि चर्चमधील समकालीन काष्ठकामाशी केलेल्या तुलनेवर आधारलेला असतो.

बीडसह मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथील गढ्यावाड्यांतील कोरीव खांब, तुळया आणि बैठी मेजे यांवरही ठसे नाहीत. परंतु जुन्या घराण्यांच्या मोडी जमाखर्चात सुतारांना दिलेल्या मजुरीच्या नोंदी येतात, कधी नावानिशीही. व्हर्सायच्या नोंदवहीचे काम येथे हेच रुमाल करू शकतात. मात्र कोणती वस्तू कोणत्या वाड्यातील, कोणत्या दालनातील हे ठाऊक असेल तरच. वाडा उतरवताना लाकूड ‘जुना सागवान’ म्हणून एकाच्या गाडीत चढते आणि रुमाल रद्दीत जातात. त्यानंतर दोन्ही वस्तू शाबूत राहिल्या तरी त्यांची गाठ पुन्हा घालता येत नाही.